न्यायमूर्ती रानडे : वाचनालयात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जानेवारीत फोंड्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयात रानड्यांवर एक बैठक होते. १६ तारखेला पुण्यतिथी, १८ तारखेला जयंती, म्हणून जवळचा एखादा रविवार धरतो. बैठकीत सगळे गप्प असतात आणि चहा आला की प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं तेच ते प्रश्न येतात. शाळेतली मुलं वक्तृत्व स्पर्धेसाठी विचारतात, कायद्याचे विद्यार्थी परीक्षेसाठी आणि निवृत्त मंडळी वाद घालण्यासाठी. सगळ्यांना एकदाच सांगून टाकावं म्हणून हे लिहून काढलं आहे.

महादेव की माधव? आणि नुसतं 'न्यायमूर्ती' म्हटलं की रानडेच का आठवतात?

नाव महादेव गोविंद रानडे. लोक माधवराव म्हणत, आणि दोन्ही नावं इतकी रुळली की पाठ्यपुस्तकांतसुद्धा दोन्ही सापडतात. स्पर्धेत कुठलंही सांगितलं तरी गुण कापू नयेत, असं आमचं परीक्षकांना सांगणं असतं.

'न्यायमूर्ती' ही पदवी मात्र त्यांना फार उशिरा चिकटली. मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश म्हणून ते नोव्हेंबर १८९३ मध्ये आले आणि १६ जानेवारी १९०१ ला वारले. म्हणजे सात वर्षं आणि वर थोडे दिवस. त्याआधीची वीस-बावीस वर्षं ते खालच्या कोर्टांत होते, आणि माझ्या मते त्यांचं खरं घडणं तिथलंच आहे. त्याबद्दल पुढे येईल.

शाळेच्या भाषणासाठी जन्म, शिक्षण वगैरे थोडक्यात मिळेल का?

जन्म १८ जानेवारी १८४२, नाशिक जिल्ह्यातलं निफाड. बालपण कोल्हापुरात. पुढचं शिक्षण मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली, तिच्यात उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत हे होते. बी. ए. १८६२, एम. ए. १८६४, एल. एल. बी. १८६६. विद्यापीठ आणि हा विद्यार्थी जणू एकाच वर्गात वाढले.

खांबाशी सोंगट्या खेळण्याची गोष्ट सांगायची असेल तर सांगा, पण ती सगळेच सांगतात. समोर खेळायला कोणी नाही म्हणून मुलाने खांबाला गडी केलं, एका हाताने स्वतःचं दान टाकलं, दुसऱ्या हाताने खांबाचं, आणि खांब जिंकला तेव्हा हार कबूल केली. परीक्षकांना ती पाठ आहे. त्यापेक्षा खाली कर्जरोख्यांबद्दल लिहिलं आहे ते सांगितलंत तर एखादा परीक्षक मान वर करून बघेल.

नोकरीचा प्रवास कसा झाला?

सरळ नाही. सरकारी भाषांतरकार, अक्कलकोटचे कारभारी, कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश, मग एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी आणि इतिहासाचे प्राध्यापक, असं सगळं पाच वर्षांत झालं. १८७१ मध्ये पुण्याला सबजज्ज म्हणून आले आणि तिथे पाय रोवले. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी सार्वजनिक सभा नुकतीच, १८७० मध्ये निघाली होती. तिचं डोकं लवकरच हे झाले.

सरकारी नोकर दिवसा कोर्टात बसतो आणि संध्याकाळी सभेसाठी सरकारला टोचणारे अर्ज लिहून देतो, हे वरिष्ठांना रुचण्यासारखं नव्हतं. १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचा काळ, पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले, आणि रानड्यांची रवानगी थेट धुळ्याला. तिथे त्यांच्या टपालावर पाळत होती. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलं आहे.

पुढे १८८१ मध्ये मुंबईत मॅजिस्ट्रेट, १८८४ मध्ये पुण्याला स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश, मग दख्खनच्या शेतकरी कायद्याखालचे विशेष न्यायाधीश. मधे मुंबई कायदे कौन्सिलचं सभासदत्व, १८८६ ची सरकारी वित्त समिती, १८८७ मध्ये सी. आय. ई. हा किताब. संशयित माणसालाच किताब द्यायचा, हे सरकारचं चालायचंच.

हायकोर्टात फक्त सात वर्षं. मग न्यायाधीश म्हणून त्यांचं मोठं काम कुठलं?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो आणि याचं उत्तर लांबणार आहे.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. लोण आसपासच्या गावांत आणि नगर जिल्ह्यात पसरलं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे लोकांचा रोख माणसांवर कमी आणि कागदांवर जास्त होता. कर्जरोखे बाहेर काढून जाळले. ज्या सावकाराने कागद मुकाट्याने दिले, त्याला बहुतेक ठिकाणी कोणी हात लावला नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर हे त्याचे चार जिल्हे.

या कायद्यात एक विलक्षण तरतूद होती. एरवी दिवाणी कोर्टात सही किंवा आंगठा असलेला रोखा समोर आला की प्रश्न मिटला. कागदावर पाचशे लिहिले आहेत तर पाचशे द्या. या कायद्याने न्यायाधीशाला सांगितलं की रोख्याच्या मागे जा. व्यवहार पहिल्यांदा कधी झाला, हातात प्रत्यक्ष किती पैसे पडले, व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा किती वेळा लिहून घेतला, हे सगळं मुळापासून तपासा आणि मग आकडा ठरवा. कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणंही बंद झालं.

रानडे या कायद्याच्या अंमलबजावणीत आधी दुय्यम म्हणून आणि पुढे विशेष न्यायाधीश म्हणून बरीच वर्षं होते. तालुक्याच्या कोर्टांची तपासणी करत फिरायचं, खालच्या न्यायाधीशांचे निकाल वाचायचे, चुकलं असेल तिथे दुरुस्त करायचं. मुक्काम, धूळ, आणि त्यातच रात्रीचं वाचन.

आमच्या घरी आजीच्या ट्रंकेत एक गहाणखत होतं. पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, आणि खाली पणजोबांचा आंगठा. पणजोबांना पोर्तुगीज येत नव्हतं. कागदात आकडा रुपयांत होता, पण आजी सांगायची की घरात रुपया आलाच नव्हता, आलं ते भात, चार खंडी, तेही आषाढात, घरातलं भात संपलेलं असताना. कागद खोटा नव्हता. पण तेवढाच धरून बसलं असतं तर त्या घरात काय घडलं ते कधीच कळलं नसतं. रोख्याच्या मागे जाणं म्हणजे काय, हे मला या ट्रंकेमुळे कळलं. रानडे इतिहास लिहायला बसले तेव्हा त्यांनी नेमकं हेच केलं असं मला वाटतं. लिहिलेल्या निकालावर न थांबता ते त्याच्या मागे गेले.

रानडे बसत तेच आमचं पर्वरीचं हायकोर्ट का?

संस्था तीच, मुंबई उच्च न्यायालय. ते १८६२ मध्ये सुरू झालं आणि फोर्टमधली ती दगडी इमारत १८७८ मध्ये पुरी झाली. रानडे त्याच इमारतीत बसले. पण त्यांच्या हयातीत गोव्याचा त्या कोर्टाशी काडीचा संबंध नव्हता. इथे पोर्तुगीजांचं स्वतःचं वरिष्ठ न्यायालय, रेलासांव, १५४४ पासून होतं. मुक्तीनंतर ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट आलं. मुंबई हायकोर्टाचं गोवा खंडपीठ ३० ऑक्टोबर १९८२ ला सुरू झालं, आधी पणजीत आल्तिनोवर लिसेव या जुन्या पोर्तुगीज शाळेच्या आवारात, आणि २०२१ पासून पर्वरीच्या नव्या इमारतीत.

म्हणजे 'आमच्या हायकोर्टाचे रानडे' असं म्हणायला आम्ही मोकळे आहोत. हा मान मिळायला त्यांच्या मृत्यूनंतर ऐंशी वर्षं थांबावं लागलं, इतकंच.

ते सरन्यायाधीश होते का?

नाही. मुंबई हायकोर्टाला कायम भारतीय सरन्यायाधीश मिळाला तो १९४७ मध्ये, छगलांच्या रूपाने. रानड्यांच्या काळात तिथे एखाद-दुसरा भारतीय न्यायाधीश असायचा. आधी नानाभाई हरिदास, मग तेलंग, मग रानडे, आणि १८९५ पासून बद्रुद्दीन तय्यबजी.

गोव्यातला समान नागरी कायदा आणि रानडे यांचा काही संबंध?

थेट संबंध नाही, पण काळ एकच आहे आणि तुलना गमतीची आहे. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा गोव्यात १ जुलै १८७० ला लागू झाला. हिंदूंच्या रीतिरिवाजांसाठी १८८० मध्ये वेगळा हुकूम निघाला. लग्नाची नोंद, नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता, वारसांच्या वाट्यासाठी इन्व्हेंटरी, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेले शब्द त्या कायद्यातून आले.

घाटावर, म्हणजे इंग्रजांच्या अमलातल्या महाराष्ट्रात, त्याच वर्षांत काय चाललं होतं? १८५६ मध्ये विधवाविवाह कायदेशीर झाला होता, पण प्रत्यक्ष असा विवाह करणाऱ्याला वाळीत टाकत. संमतीवयाचा १८९१ चा कायदा मुलीचं वय दहावरून बारावर नेणारा होता, तर त्यावरून पुण्यात सभा उधळल्या. रानडे आणि तेलंग दोघांनी त्या कायद्याला पाठिंबा दिला आणि शिव्या खाल्ल्या. इकडे परका राजा लिस्बनहून कायदा पाठवून मोकळा झाला. तिकडे घरातला माणूस घरच्यांशी भांडत होता. यातलं बरं काय, यावर आमच्या चहाच्या टेबलावर अजून एकमत झालेलं नाही.

टिळकांना जामीन नाकारणारे न्यायाधीश रानडे होते, हे खरं का?

खरं आहे. १८९७ च्या जुलैमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं. जामिनाचा अर्ज हायकोर्टात पार्सन्स आणि रानडे यांच्यापुढे आला आणि फेटाळला गेला. खटला सेशन्सकडे सोपवल्यावर पुन्हा अर्ज झाला, तो तय्यबजींपुढे, आणि त्यांनी ऑगस्टमध्ये जामीन दिला. खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. ज्युरीत सहा युरोपियन, तीन भारतीय, निकाल सहा विरुद्ध तीन, शिक्षा दीड वर्ष.

याचा अर्थ रानड्यांनी सूड घेतला, असं काही लोक चहा पिता पिता ठामपणे सांगतात. दोघांचं वाजलं होतं हे खरंच. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाच्या हाती गेली, त्याच वर्षी काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवण्यावरून मोठा वाद झाला, आणि १८९६ मध्ये रानड्यांनी वेगळी डेक्कन सभा काढली. पण दोन्ही अर्ज खटल्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे होते, आणि पहिल्या वेळी बाकावर दोन न्यायाधीश होते. सुडाचा निष्कर्ष काढायला एवढा पुरावा मला अपुरा वाटतो. १९०१ मध्ये रानडे गेले तेव्हा 'केसरी'त टिळकांनीच लिहिलं की थंड गोळा होऊन पडलेल्या महाराष्ट्रात या माणसाने ऊब आणली. ज्याला सूड घेतला असं वाटतं तो असा मृत्युलेख लिहील का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

जाता जाता एक. १८९७ मध्ये तय्यबजींपुढे टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील दावर. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीशही दावरच.

रानड्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात तेलंगांचा लेख कसा आला? तेलंग कोण?

काशिनाथ त्र्यंबक तेलंग. जन्म १८५०, मृत्यू १ सप्टेंबर १८९३. उणंपुरं त्रेचाळीस वर्षांचं आयुष्य. भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर १८८२ मध्ये, मुद्राराक्षसाची संपादित आवृत्ती १८८४ मध्ये, १८८९ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश, १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. हिंदू कायद्यावरचे त्यांचे निकाल वकील मंडळी अजून उघडून बघतात, कारण संस्कृत मूळ ग्रंथ आणि प्रत्यक्ष चालत आलेली वहिवाट, दोन्ही ते तपासत.

त्यांच्या मृत्यूने रिकामी झालेली खुर्ची रानड्यांना मिळाली. मराठी बखरींवरचा तेलंगांचा लेख रानड्यांनी पुढे आपल्या पुस्तकाला जोडला. मित्राची खुर्ची आणि मित्राचा लेख, दोन्ही त्यांच्याकडे आले.

त्या पुस्तकात नेमकं काय आहे?

पुस्तक इंग्रजीत, १९०० मध्ये निघालं. मराठीत ते 'मराठ्यांच्या सत्तेचा उत्कर्ष' म्हणून ओळखलं जातं. वाचण्याआधी एक नाव माहीत हवं : ग्रँट डफ. हा साताऱ्याचा रेसिडेंट, त्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडांत इतिहास लिहिला. कागद त्याने पुष्कळ गोळा केले होते, मेहनतही मोठी. पण त्याचा सूर असा की सह्याद्रीच्या उतारावर वाळलेलं गवत जसं अचानक पेटतं, तशी ही सत्ता पेटली. म्हणजे योगायोग, लुटालूट आणि एका धाडसी माणसाचं नशीब. पुढची सत्तर वर्षं शाळा-कॉलेजांत हाच निकाल शिकवला गेला.

रानडे या निकालावर अपील चालवतात. त्यांचा मुद्दा असा की आगीचं रूपक चुकलं आहे, हे झाड आहे. प्रकरणांची नावंच बघा : जमीन कशी तयार झाली, बीज कसं पडलं, कसं रुजलं, झाड फुललं, फळाला आलं. मग राज्यकर्ता म्हणून शिवाजी महाराज, संतांवर एक प्रकरण, जिंजीचा काळ, शाहूंच्या वेळची घडी, चौथाई आणि सरदेशमुखी. डोंगराळ मुलूख, गावगाड्याची स्वायत्तता, दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी मराठा सरदार आणि ब्राह्मण कारकून यांनी कमावलेला अनुभव, आणि जातीपातीच्या वर उठणारी संतांची भक्ती, या सगळ्यांतून एक समाज जागा झाला, आणि महाराज त्या जागेपणाचे नेते. एकट्याचा पराक्रम नाही.

संतांच्या प्रकरणात ते युरोपातल्या प्रॉटेस्टंट सुधारणेशी तुलना करतात. घाटावरच्या वाचकाला ते भारी वाटतं. गोव्यात वाचताना मात्र वेगळंच होतं. युरोपातल्या त्या भांडणाची दुसरी बाजू आपल्याकडे गलबतांतून उतरली होती. १५६० पासून १८१२ पर्यंत मधली थोडी वर्षं सोडली तर इन्क्विझिशन इथे होतं. आणि याच गोव्यात, केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये मराठीत कृष्णकथा लिहिली, राशोलला फादर स्टीफन्सने ओवीतलं ख्रिस्तपुराण रचून १६१६ मध्ये छापलं. ओवी दोन्ही बाजूंना होती. रानड्यांच्या सरळ रेषेत हे बसत नाही.

माझं मत विचाराल तर पुस्तकाची ताकद आणि दोष एकाच जागी आहेत. खटला फार नीट मांडला आहे. इतका नीट, की न्यायाधीश मधेच बाकावरून उतरून वकिलाच्या जागी जाऊन उभा राहिलाय असं वाटतं. इतिहासकार राजवाड्यांनाही ही मांडणी पटली नव्हती, अर्थात त्यांची कारणं निराळी.

त्यात गोवा कुठे आहे? शोधून सापडत नाही.

फार सापडणारही नाही. हा पहिलाच खंड. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत तो येतो आणि थांबतो. दुसरा खंड लिहायला रानडे उरलेच नाहीत. त्यामुळे १७३९ चं वसई नाही, आणि त्याच मोहिमेतली व्यंकटराव घोरपड्यांची गोव्यातल्या साष्टीवरची स्वारी, मडगाव घेऊन राशोलला घातलेला वेढा, हेही नाही.

पण आधीच्या काळाचं तरी यायला हवं होतं, असं गोमंतकीय वाचकाला वाटणारच. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ महाराजांनी पुन्हा उभं केलं, त्याचा १६६८ चा शिलालेख तिथे जाऊन कोणीही बघू शकतो. १६७५ मध्ये फोंड्याचा किल्ला त्यांनी घेतला. रानड्यांच्या हाताशी मुख्यतः मराठी बखरी, इंग्रज लेखकांचे इतिहास आणि काही कागद होते. पोर्तुगीज दफ्तर पणजीत बंद होतं, आणि ते पुढे उपसणारा इतिहासकार तेव्हा लहान मूल होता. पांडुरंग पिसुर्लेकर जन्मले १८९४ मध्ये, सत्तरीतल्या पिसुर्ले गावी. १५९५ पासूनचं ते दफ्तर त्यांनी आयुष्यभर उपसलं आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांचे कागद छापून बाहेर आणले. रानडे वाचून झाले की शेजारी पिसुर्लेकर ठेवून वाचावेत, असा आमच्या वाचनालयाचा आग्रह असतो.

संभाजी महाराजांवर रानडे इतके कठोर का?

दरवर्षी यावर आवाज चढतो. मुद्दा रास्त आहे.

रानड्यांनी संभाजी महाराजांना फारच वाईट रंगवलं आहे. क्रौर्य, व्यसन, वडिलांची घडी मोडली, असा सगळा सूर. हा सूर बखरींतून आला, आणि त्या बखरींत वजनदार मल्हार रामराव चिटणिसांची. ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे घटनांनंतर शंभराहून जास्त वर्षांनी. आणि लिहिणारा कोण? बाळाजी आवजींच्या घराण्यातला. त्याच बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता.

कुठल्याही तालुका कोर्टातला नवशिका वकील उठून म्हणेल की साहेब, साक्षीदार वैरी आहे, आणि त्याने डोळ्यांनी काही पाहिलेलंही नाही. दख्खनच्या सावकाराचा रोखा मुळापासून उलगडणारा न्यायाधीश या रोख्याच्या मागे मात्र जायला हवं तेवढं गेला नाही. मला यात दुष्टावा दिसत नाही. दुसरी बाजू सांगणारा कागद कोर्टात आलाच नव्हता.

तो कागद आपल्याकडे होता. १६८३ मध्ये पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) कौंट द आल्व्होरने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजी महाराज मदतीला आले आणि विजरईला माघार घ्यावी लागली. नोव्हेंबरअखेर मराठ्यांनी रात्री ओहोटीची वेळ साधून जुवें बेटावरचा किल्ला घेतला. गोवा शहर समोर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी विजरई परत घ्यायला गेला आणि जखमी होऊन, जेमतेम जीव वाचवून परतला. इतका घाबरला की त्याने आपला अधिकारदंड सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला आणि आता राज्य तुम्हीच राखा म्हणाला. हे शत्रूच्या कागदांतून कळतं, आणि त्यांत दिसतो तो व्यसनात बुडालेला राजा नव्हे. विसाव्या शतकात वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांनी संभाजी महाराजांचं चरित्र नव्याने लिहिलं. पोर्तुगीज कागदांची साक्ष तोवर उपलब्ध झाली होती.

जुव्याचा किल्ला अजून उभा आहे. पडीक आहे, पण वरून मांडवीचे फाटे आणि खाजणं दिसतात. पुस्तक घेऊन वर जा, दहा मिनिटांत ओहोटीचं गणित कळेल.

पेशव्यांबद्दल त्यांनी काय लिहिलं?

थोडं, पण धारदार. पेशवे दफ्तरातून गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेल्या रोजनिश्यांना रानड्यांनी प्रस्तावना लिहिली. १९०० मध्ये ती एशियाटिक सोसायटीत वाचली. लढायांपेक्षा महसूल, न्याय, दंड, टपाल, जकात यांत काय सापडतं ते त्यांनी पाहिलं. आणि स्पष्ट सांगितलं की शिवाजी महाराजांच्या वेळी पदं वंशपरंपरेने चालत नव्हती आणि सर्व थरांतली माणसं कारभारात होती, पुढे ते आटत गेलं आणि पोटजातीचा अभिमान वर आला. स्वतः चित्पावन असून पुण्याच्या तोंडावर हे लिहायचं, याला छाती लागते.

त्याआधी १८९९ मध्ये मराठी अमलातली नाणी आणि टांकसाळी यांवर एक निबंध आहे. नाण्यांची आवड असेल त्यांनी जरूर बघावा. बाकीच्यांना झोप येईल.

विधवाविवाहाचा पुरस्कर्ता, आणि स्वतः अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न?

हो. पहिली पत्नी १८७३ मध्ये वारली आणि त्याच वर्षी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ते स्वतः एकतीस वर्षांचे होते. यावर सफाई देणारे बरेच भेटतात, मी देत नाही. त्या मुलीला त्यांनी शिकवलं, घरातल्या बायकांचा विरोध सोसून ती इंग्रजीपर्यंत शिकली, आणि पुढे पुण्याच्या सेवासदनाचा कणा झाली, हेही तितकंच खरं. रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये आल्या. रानड्यांवरचं सगळ्यांत चांगलं पुस्तक तेच, आणि त्यात लिहिणारीही हळूहळू मोठी होताना दिसते.

चहा पिण्यावरून प्रायश्चित्त घेतलं ते हेच का?

हेच. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, चहा घेतला आणि पुढे त्याबद्दल प्रायश्चित्त घेतलं. टिळकही त्याच चहाला होते.

जोतीराव फुल्यांनी त्यांना नकार दिला होता ना?

दिला होता. १८७८ मध्ये लोकहितवादींबरोबर रानड्यांनी पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरवली. आजच्या साहित्य संमेलनाची गणती तिथून सुरू होते. १८८५ मध्ये पुन्हा सभा भरवताना फुल्यांना आमंत्रण गेलं. फुल्यांनी पत्र लिहून कळवलं की शूद्रातिशूद्रांचे हक्क मान्य न करणाऱ्यांच्या सभांशी आमचं जमायचं नाही. ते पत्र आम्ही बैठकीत दरवर्षी पूर्ण वाचतो, कारण त्याशिवाय रानड्यांचं चित्र पुरं होत नाही. त्यालाच जोडून १८ जानेवारी १९४३ ला आंबेडकरांनी पुण्यात रानड्यांच्या जयंतीला केलेलं भाषण वाचतो. त्यात त्यांनी रानड्यांना मोठा माणूस म्हटलं, आणि विभूतिपूजेवर कोरडे ओढले.

सुरुवात कुठून करू? तुमच्याकडची प्रत घरी मिळेल का?

आधी रमाबाईंच्या आठवणी. मग 'उत्कर्ष'मधलं शिवाजी महाराजांच्या राज्यकारभारावरचं प्रकरण, ते सगळ्यांत आटोपशीर आहे. मग संतांचं. जिंजीचं मागाहून वाचलं तरी चालेल.

इंग्रजी पुस्तकाची आमची प्रत जुनी आहे. पाठचा कणा गेलाय, वाळवीने कडेची अक्षरं खाल्लीत, पावसात पानं एकमेकांना चिकटतात. ती बाहेर देत नाही, इथेच पंख्याखाली बसून वाचावी लागेल. पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती वाचनालयात जाणार असाल तर पिसुर्लेकरही तिथेच मागून घ्या, एका फेरीत दोन्ही कामं होतील. आमची प्रत बघायची असेल तर सकाळी दहानंतर या, कपाटाची चावी ज्यांच्याकडे असते ते आधी बाजार करून येतात.